खिशातलं पोलाद

माझ्या खिशात चाकू असतो हे मी कुणाला सांगत नाही. ते लोकांना आपोआप कळावं, अशी व्यवस्था करतो. लग्नघरात सुतळीनं आवळलेलं खोकं दिसलं की मी त्याच्या आसपास घोटाळू लागतो. कुणीतरी "अरे, काही धारदार आहे का हो?" असं विचारावं, मी क्षणभर काहीच बोलू नये आणि मग सावकाश उजव्या खिशात हात घालावा. या प्रवेशाच्या मी मनात इतक्या तालमी केल्यात की त्यातली स्तब्धतासुद्धा पाठ आहे. अडचण एकच. आमच्या आदिलाबादेत लोकांचे दात फार चांगले. माझा हात खिशाच्या तळाशी पोचतो न पोचतो, तोच कुणाच्या तरी मामानं सुतळी तोडून तिचा तुकडा थुंकलेलाही असतो. कापसाच्या बियाण्याची पाकिटं दातांनी, दुधाची पिशवी दातांनी आणि कुरिअरच्या खोक्यावरची चिकटपट्टी स्कूटरच्या किल्लीनं. चाकूवाल्याला या गावात भवितव्य नाही.

तरीही मी चाकू जमवतो. पाहुणे असले तर आमच्या घरात त्याला 'ह्यांचं शस्त्रागार' म्हणतात, एरवी भंगार. त्यात आजोबांचा बोरू तासायचा हाडाच्या मुठीचा चाकू आहे. त्याचं पातं झिजून झिजून इतकं बारीक झालंय की आता त्यानं बोरू नाही, फार तर दात कोरता येतील. नागोबाच्या जत्रेला केसलापूरला गेलो असताना घेतलेली पितळी मासोळी आहे. मिटली की मासा, उघडली की चाकू, आणि खिशात आपोआप उघडली की दवाखाना. रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेल्या एका घिसाड्याकडून ट्रकच्या कमानपाट्याचा मिटणारा चाकू करून घेतला. तो मिटायला दोन माणसं लागतात. लाकडी मुठीचा फ्रेंच ओपिनेल आहे. 1890 सालापासून हा चाकू जवळपास तसाच निघतो आहे. पातं बोटांवर मिटू नये म्हणून 1955 मध्ये त्याच्या मानेला एक फिरती कडी बसवली, एवढीच काय ती सुधारणा. शिवाय जावयानं आणलेला लाल स्विस चाकू. चाकू हातोहात दिला की भांडण होतं म्हणून त्यानं तो टेबलावर ठेवला आणि मी तिथून उचलला. भांडण पुढं झालंच, पण ते हुरड्याच्या दिवशी आणि वेगळ्या कारणानं.

सासूबाईंच्या चंचीतला अडकित्ताही मी संग्रहात ओढला आहे. खिशात मावतो, मिटतो, कापतो. आणखी काय पाहिजे? पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात मी अडकित्ते पाहिले तेव्हापासून माझ्या डोक्यात नसत्या कल्पना घुसल्या. दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर जमवलेलं सगळं 1975 मध्ये महाराष्ट्र शासनाला देऊन टाकलं. "माझ्यामागंही असंच काहीतरी करा," असं मी मुलीला गंभीरपणे सांगितलं. ती म्हणाली, "करू की बाबा. पण आपण तेलंगणात. दोन्ही सरकारांनी नको म्हटलं तर?"

मराठी माध्यमाच्या शाळेत मास्तरकी करून निवृत्त झालो. चाकूचा खरा काळ तोच होता. पेन्सिलीचं टोक मोडलं की पोरं माझ्या टेबलासमोर रांग लावायची. मी तासून द्यायचो. लांब, सडपातळ, जरा तिरकं टोक. ज्याचं अक्षर वाईट त्याला मुद्दाम जास्त चांगलं. कुणाची पेन्सिल बोटाच्या पेराएवढी उरलेली असायची. ती तासताना मी श्वास रोखून धरायचो, कारण घरून नवी यायला महिना लागणार हे मला माहीत असायचं. पुढं दोन रुपयांची प्लॅस्टिकची शार्पनरं आली आणि रांग संपली. आज वर्गात मास्तरानं खिशातून चाकू काढला तर त्याची चित्रफीत पोरं घरी पोचण्याआधी कलेक्टर कचेरीत पोचेल. जपानमध्येही हेच झालं. तिकडं हिगोनोकामी नावाचा पितळी पत्र्याच्या मुठीचा साधा चाकू शाळेतल्या पोरांच्या खिशात असायचा. 1960 साली तोक्योत आसानुमा या समाजवादी नेत्याचा भर सभेत खून झाला. खून झाला आखूड तलवारीनं, पण त्यानंतरच्या मोहिमेत पोरांच्या दप्तरांतून चाकू गेले. मिकी गावात एकेकाळी हे चाकू करणारे कितीतरी होते, आता एकच घराणं उरलंय. त्यांचा एक माझ्याकडे आहे. बायको त्यानं कोथिंबिरीची देठं छाटते.

आता मला पोलादाबद्दल बोलू द्या. घरात कुणी बोलू देत नाही. पाहुण्यासाठी काकडी सोलायला घेतली की मी दमास्कसच्या तलवारींवर येतो आणि बायको काकडी काढून घेते.

तर दमास्कसच्या तलवारी. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी, आणि धार अशी की तिच्या दंतकथा झाल्या. त्यांतल्या अव्वल पात्यांचं पोलाद जायचं आपल्या दख्खनेतून. कुठून? आमच्या अंगणातून! म्हणजे निर्मलजवळच्या दिमदुर्तीहून लोहखनिजाची काळी रेती यायची आणि गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रमला तिचं पोलाद व्हायचं. मातीच्या मुशीत लोखंड घालायचं, तोंड लिंपायचं, चोवीस तास भट्टीत तापवायचं, मग आपल्या आपण निवू द्यायचं. मूस फोडली की आत पोलादाची ढेप. घाई केली की नक्षी गेली. इराणातले व्यापारी स्वतः इथवर येऊन, भट्टीजवळ मुक्काम ठोकून, माल पारखून न्यायचे. हेन्री वॉयसी नावाचा, मोजणी खात्याबरोबर फिरणारा इंग्रज डॉक्टर हे सगळं पाहून लिहून गेला. ते छापून आलं 1832 मध्ये, तो वारल्यानंतर. त्यालाही जिवंतपणी कुणी काकडीच्या वेळी बोलू दिलं नसावं.

इथं पाहुणा घड्याळाकडं पाहतो. मी पाहू देतो आणि पुढं सरकतो, कारण खरी गंमत पुढंच आहे. 1794 मध्ये मुंबईच्या हेलेनस स्कॉट नावाच्या डॉक्टरनं हिंदुस्थानी पोलादाच्या काही ढेपा लंडनला जोसेफ बँक्सकडं धाडल्या. तिथं पिअर्सननं त्या तपासल्या आणि 1795 मध्ये रॉयल सोसायटीपुढं निबंध वाचला. तपासणीसाठी स्टोडार्ट नावाच्या हत्यारकारागिराला त्यातला एक तुकडा दिला. त्यानं काय घडवावं? तलवार? खंजीर? छे. खिशातल्या चाकूचं पातं! ते त्याला इतकं आवडलं की तो जन्मभर या पोलादाचा भक्त झाला. पुढं त्यानं मायकेल फॅरडेला नादी लावलं आणि विजेच्या शोधांमुळं अमर झालेला तो माणूस 1820 च्या आसपास काही वर्षं आपल्या पोलादाचं कोडं सोडवत भट्टीपुढं घाम गाळत होता.

त्या ढेपा नेमक्या कोनासमुद्रमच्या होत्या असं कुठंही म्हटलेलं नाही. पाहुण्यांसमोर मी म्हणतो. शिवाय कोनासमुद्रम निजामाबाद जिल्ह्यात, म्हणजे आमचं कधी नव्हतंच. निर्मल मात्र आमचं होतं, तेवढ्या आधारावर मी छाती फुगवत असे. 11 ऑक्टोबर 2016 ला आदिलाबादचे चार जिल्हे झाले, निर्मल वेगळं पडलं आणि रातोरात माझा अभिमान शेजारच्या जिल्ह्यात गेला. मी त्याला तिथून रोज घेऊन येतो.

आणि एवढा वारसा सांगणारा माणूस खिशात काय बाळगतो? फ्रान्सचा. पत्ता टाकून मागवलेला. त्याचं खोकं उघडायला किल्ली वापरली.

चाकू बाळगणाऱ्यानं कायदा वाचावा, म्हणून मी वाचला. 1959 च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत परवान्याची भाषा येते ती 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्यांसाठी, आणि त्यातूनही घरातली, शेतीची, कारागिरीची हत्यारं वगळलेली आहेत. माझा सगळ्यात उर्मट चाकूसुद्धा पेरूच्या पलीकडं जात नाही. नियम मला कलमांसह पाठ आहे आणि तो कुणाला तरी ऐकवायची संधी मी शोधतच होतो.

ती एका सणाच्या बंदोबस्तात मिळाली. नाक्यावर गाड्या थांबवून झडती चालली होती. माझ्यासमोर आलेला हवालदार कोवळा होता.

"जेबुलो एमुंदि, सार?"

मी ठरलेल्या स्तब्धतेनंतर खिशातून ओपिनेल काढला. त्यानं तो उलटसुलट केला. कडी फिरेना, ती मीच फिरवून दाखवली. त्यानं माझ्या चष्म्याकडं, टकलाकडं, स्कूटरच्या हँडलला टांगलेल्या भाजीच्या पिशवीकडं पाहिलं आणि हसला. "गुरुजी, पेरू खायला का?" असं मराठीत विचारून चाकू परत दिला. मला खरं सांगायचं तर राग आला. शस्त्रासह पकडला गेलेला माणूस इतका बिनधोक दिसावा?

माझ्यामागं आमच्या गल्लीतला धारवाला चाचा होता. सायकल स्टँडवर चढवून, पेडल मारून सहाणेचं चाक फिरवतो तो. दारात धार लावून देतो, पण मूठ सुटलेली, खिळा निखळलेला असे चाकू-सुऱ्या पिशवीत घालून घरी न्यायचा आणि दुसऱ्या दिवशी आणून द्यायचा. त्या दिवशी पिशवी भरलेली होती. मला पेरू विचारला, त्याला नाव विचारलं. नाव सांगितल्यावर पिशवी उपडी करायला लावली.

मी माझं कलम म्हटलं. इंचांसकट म्हटलं. हा धार लावतो, हे गल्लीतल्या बायकांचे चाकू आहेत, हा कारागीर आहे, मी याला पंचवीस वर्षं ओळखतो, असं सगळं म्हटलं. हवालदार आदरानं म्हणाला, "सार, तुम्ही जा ना." माझ्या पिशवीत पट्टी होती, जन्माची सवय. मी रस्त्यावर बसून एकेक पातं मोजायला लागलो. सगळ्यात लांब निघाला आमच्याच घरचा कलिंगडाचा चाकू, आणि तोही नियमाच्या आत. त्याचा कुणावर काही परिणाम झाला नाही. कुणी दरडावलं नाही, कुणी हात उगारला नाही, सगळं नम्रपणे चाललं होतं. वरचे साहेब येईपर्यंत चाचा रस्त्याच्या कडेला उकिडवा बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्यांत त्याची गिऱ्हाइकं होती. समोर मांडलेले चाकू आपले आहेत हे त्यांना दिसत होतं. संध्याकाळी सोडला. चाकू मोजून परत दिले.

माझ्या खिशातला चाकू चैनीचा. त्याच्या पिशवीतले पोटाचे, आणि तेही त्याचे नव्हतेच. हे मी कुठल्याही पाहुण्याला काकडी सोलताना सांगत नाही.

आता चाचा पिशवीत फक्त कात्र्या नेतो. चाकू असला तर तुमच्या उंबऱ्यापाशी काय ते करून देतो, मूठ मोडली असली तर नवा घ्या म्हणतो. कलिंगडाच्या चाकूची मूठ आमच्याकडं अजून सुतळीनं बांधलेली आहे. ती सुतळी कापायला तरी माझा उपयोग होईल, असं बायकोचं म्हणणं.

खंडेनवमीला मी पाटावर माझी मांडणी करतो. मधोमध घिसाड्याचा कमानपाटा, भोवती देशोदेशींचे. मी आंघोळीहून येईपर्यंत मध्यभागी विळी आलेली असते. तिच्या आजूबाजूला किसणी, खुरपं, शिवणयंत्राची कात्री, आणि फ्रान्स-स्वित्झर्लंड-जपान कडेला, फुलांखाली. "ही रोज कामाला येते," एवढंच कारण मिळतं.

यंदा त्याच दिवशी सकाळी चाचाची घंटी वाजली. पूजेआधी धार लावून घ्यावी म्हणून मी सगळं सूप भरून बाहेर नेलं. गिऱ्हाईक नव्हतं, त्याला सवड होती, मला श्रोता होता. मी दिमदुर्तीच्या रेतीपासून सुरुवात केली. मुशी लिंपल्या, इराणी आणले, स्कॉट, पिअर्सन, स्टोडार्ट, खिशातला चाकू, फॅरडे, सगळे आणले. तो पेडल मारत, मान हलवत ऐकत होता. ठिणग्या उडत होत्या. अशा पार्श्वभूमीवर मी याआधी कधी बोललो नव्हतो. शेवटी त्यानं ओपिनेल उचलला, पात्यावरून आडवा अंगठा फिरवला आणि म्हणाला, "इसकी धार तो कब की मर गई, गुरुजी. आलू बी नहीं कटता होंगा."

मी म्हटलं, फ्रान्सचं पोलाद आहे.

"कहाँ का बी रहो," तो म्हणाला, "तीस रुपये."