प्रेमळ डरकाळी

चारचौघांत भाव खायचा तर आवडी अवघड हव्यात. कुमार गंधर्व आवडतात म्हणावं, तर शेजारचा दोन बंदिशी जास्त सांगतो. म्हणून मी प्रागच्या ‘लायकाथिया अफ्लेम’चा आसरा घेतला होता. या बँडचा अल्बम एकच, २००० सालचा ‘एल्वेनेफ्रिस’. ‘ऐकलाय?’ म्हटलं की समोरचा गप्प आणि माझी विद्वत्ता सिद्ध!

परवा जुन्या हार्डडिस्कवर तो पुन्हा सापडला. ऑफिसातल्या नव्या मुलाला मुद्दाम विचारलं. तो म्हणाला, ‘‘सर, तो कोणाला माहीत नाही?’’

अपमान गिळत हेडफोन लावले. हे डेथ मेटल. ड्रमर अंगात आल्यासारखा सुटलेला, गायक पोटातून गुरगुरणारा; एक शब्द कळेल तर शपथ. या संगीतातली मंडळी सहसा मढी, रक्त आणि सैतान यांपलीकडे फारशी जात नाहीत. इथे मात्र गाण्यांची नावं वाचली तर सहानुभूती, सांत्वन, देणं, एक म्हातारा आणि एक मूल! तासभर धुमश्चक्री उडवून शेवटी इजिप्तच्या माआत देवीच्या बागेत अकराएक मिनिटांचा शांत फेरफटका.

हा अल्बम काढला ‘ऑब्सीन प्रॉडक्शन्स’नं. यांचाच चेक प्रजासत्ताकातल्या ट्रुटनोव्हला ‘ऑब्सीन एक्स्ट्रीम’ हा असल्याच संगीताचा महोत्सव भरतो. विषयांतर होतंय, पण राहवत नाही. मंचावर कोथळे काढायची गाणी आणि खायला काय? शाकाहारी. निव्वळ शाकाहारी! कवटीचे टीशर्ट घातलेले, मनगटापर्यंत गोंदलेले धटिंगण मुकाट्यानं भाजीपाल्याच्या रांगेत. आमच्याकडे चातुर्मास पाळणारेसुद्धा ‘अंडं चालतं हो’ म्हणतात. कोथळ्याची गाणी आणि कोथिंबिरीचं जेवण, हा मेळ ज्यांना जमला त्यांना माझा साष्टांग नमस्कार.

माझे वडील याच घराण्यातले. ‘‘जेवलास का?’’ हे ते असं विचारायचे की शेजारी दार लावून घेत. मला ताप आला की रात्रभर उशाशी बसत, कपाळावरची घडी बदलत. आणि उजाडल्यावर पहिलं वाक्य, ‘‘पावसात भिजायला कोणी सांगितलं होतं रे गाढवा?’’ मला तेव्हा हळुवार बोलणारे काका आवडायचे. जमिनीच्या वाटणीच्या दिवशीही काका तितकंच हळुवार बोलले.

तेव्हापासून फार गोड आवाजाची मला धास्ती वाटते. या चेक मंडळींनी माया करायला आवाज मऊ केला नाही, हे मला पटलं. त्या नावानं त्यांचा दुसरा अल्बम आला नाही म्हणून लोक हळहळतात. मी नाही. सांगायचं ते त्यांनी एकदाच, पण छप्पर उडेल असं सांगून ठेवलंय.

तुम्हीही जरूर ऐका. फक्त कोणी विचारलंच, तर नाव माझ्याकडून कळलं असं सांगा.