समास सोडून

वर्डची नवी फाइल उघडली की माणूस थेट लिहायलाच लागतो. कागद केवढा, उभा की आडवा, चारी कडांना जागा किती, हे प्रश्न पडतात ते प्रिंट हातात आल्यावर. चेन्नईत आमच्या शेजारच्या मामी मार्गळी महिन्यात पहाटे दारात कोलम घालतात, तेव्हा बराच वेळ नुसते ठिपके देत असतात. बघणाऱ्याला कंटाळा येतो. पण ठिपक्यांची एक ओळ हुकली की शेवटचं कमळ पायरीवर चढतं, हे मामींना पक्कं ठाऊक आहे. पेज सेटअप म्हणजे हे ठिपके देणं, आणि बहुतेकांना एकदम कमळच काढायचं असतं.

माझा या विषयातला अधिकार एवढाच, की इथल्या आम्हा मराठी मंडळींच्या गणेशोत्सवाची स्मरणिका निघते आणि "तुमच्याकडे कॉम्प्युटर आहे ना?" एवढ्या पात्रतेवर तिची मांडणी माझ्याकडे आली आहे. येणारे लेख पाहण्यासारखे असतात. शीर्षक मधोमध यावं म्हणून स्पेसबारने ढकलत नेलेलं. पुढचं पान यावं म्हणून एंटर, एंटर, एंटर, ते बिचारं येईपर्यंत. एका वहिनींची कविता दर ओळीला उजवीकडे अशी सरकते की शेवटचं कडवं कागदावरून खाली पडेल की काय वाटावं. खजिनदार काकांचा जमाखर्चाचा तक्ता उभ्या पानात कोंबलेला असतो, त्यामुळे 'शिल्लक' या शब्दातलं 'शि' वर आणि 'ल्लक' खालच्या ओळीत. काकांना म्हटलं, पान आडवं करा. त्यांनी केलं, तर अख्खी स्मरणिकाच आडवी झाली. आधी आणि नंतर सेक्शन ब्रेक टाकला तर तेवढंच एक पान आडवं होतं, हे मी त्यांना समजावून सांगितलं. "एका पानासाठी दोन कुंपणं?" असं विचारून ते हिशेबाकडे वळले.

इथून अमेरिकेत गेलेल्या सभासदांचे लेख लेटर आकाराच्या कागदावर येतात. हा कागद आपल्या ए४ पेक्षा ६ मिलिमीटर रुंद आणि १८ मिलिमीटर आखूड. फरक बोटभर, पण फाइल ए४ वर आणली की एंटर मारमारून नवीन पानावर पोचवलेलं सगळं पुन्हा वर चढतं आणि लेखकाचं नाव मागच्या पानाच्या तळाशी जाऊन बसतं. ए४ ची खुबी मात्र मानलीच पाहिजे. २१० बाय २९७ हे माप ऐकायला विचित्र, पण हा कागद मधोमध दुमडला तर अर्ध्या कागदाचा घाट तंतोतंत तोच राहतो. लिख्टेनबर्ग नावाच्या जर्मन प्राध्यापकाने १७८६ मध्ये एका पत्रात ही गंमत लिहून ठेवली होती. १९२२ मध्ये जर्मनीने ती प्रमाण ठरवली आणि हळूहळू जवळजवळ सगळ्या जगाने उचलली. अमेरिकेने नाही उचलली, त्यांचं सगळं वेगळंच असतं. आमची स्मरणिका ए५, म्हणजे बरोबर अर्धी. ए४ वर लावलेलं पान तसंच्या तसं लहान होतं, कुठे काही कापावं लागत नाही. फक्त १४ पॉइंटचं अक्षर १० पॉइंटचं होतं, आणि मग ज्येष्ठ सभासदांचे फोन येतात.

छपाईला मी पॅरीज कॉर्नरला जाते. समोर मद्रास हायकोर्टाचे लाल घुमट, बाजूच्या गल्ल्यांत जॉब टायपिंगच्या पाट्या, जेराक्सची यंत्रं, आणि अँडरसन स्ट्रीटवर कागदाची नि लग्नपत्रिकांची दुकानं ओळीने. माझे नेहमीचे दुकानदार अण्णा पडद्याकडे एकदाच बघतात. "मार्जिन पत्तादु, मॅडम." मार्जिन पुरत नाही. मला वाटे, त्यांना जास्त पानं छापून चार पैसे जास्त मिळवायचे असतील. त्यांनी एक शिवलेलं पुस्तक माझ्यापुढे उघडून धरलं आणि शिवणीच्या घळीत अर्धा अडकलेला मजकूर दाखवला. समासाखेरीज बांधणीसाठी वेगळी जागा सोडावी लागते, तिला वर्डमध्ये गटर म्हणतात. नावावर जाऊ नये. डाव्या पानावर ती उजवीकडे हवी आणि उजव्या पानावर डावीकडे, म्हणून 'मिरर मार्जिन्स' निवडायचं. हे अण्णांनी दोन तमिळ, एक इंग्रजी आणि अर्ध्या हिंदी वाक्यात सांगितलं, आणि मला एकदम समजलं.

तेव्हापासून मला समास ही लिहिणाऱ्याची जागाच वाटेनाशी झाली. आतली कड बांधणाऱ्याची, बाहेरची वाचणाऱ्याच्या अंगठ्याची, डावीकडची साहेबाच्या शेऱ्याची. वरची कड देवाची: तमिळ माणूस कागदावर काहीही लिहिण्याआधी वर पिळ्ळयार सुळी म्हणून 'उ'सारखं चिन्ह काढतो, तसं आपण 'श्री' लिहितो. लग्नपत्रिकेच्या तर चारी कोपऱ्यांना इथे हळद लावतात, त्यामुळे कोपऱ्यात फोन नंबर छापणारा फसतो. कोर्टात तर समासाला कायद्याचंच वजन. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये परिपत्रक काढून सांगितलं, की कागद ए४, छपाई पाठपोट, अक्षर १४ पॉइंट, ओळींत दीड पट अंतर, डावी-उजवीकडे ४ आणि वर-खाली २ सेंटिमीटर जागा. वकिलांच्या बोलण्याला आळा घालणं कठीण, कागदाला तरी घातला.

मराठी पानाची दक्षिणेतली मांडणी बघायची तर तंजावरला जायला हवं. तिथल्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रं आहेत. त्यांची मापं झाडानेच ठरवलेली, चार बोटं रुंद आणि हातभर लांब, ओवायच्या दोरीच्या भोकाभोवती लेखकाने जागा सोडलेली. गटरच ते, फक्त मधोमध. मोडीचे रुमालही आहेत. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढायचा आणि मग तिला अक्षरं टांगत सुटायचा, दोन शब्दांत अंतर ठेवण्याची भानगडच नाही. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी गादीवर येण्याआधी काही वर्षं मद्रासमध्ये शिकायला होते. पुढे १८०५ च्या सुमारास त्यांनी तंजावरात देवनागरी छापखाना घातला आणि सक्खन पंडितांनी मराठीत आणलेल्या इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावाने छापून काढल्या. मुंबईत मराठी पुस्तकं छापायला अजून दहाएक वर्षं अवकाश होता. याच राजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास बृहदीश्वराच्या देवळात भिंतीवर कोरून घेतला. पेज सेटअपच्या खिडकीत अगदी तळाला 'कस्टम साइझ' असा पर्याय असतो. तो कुणासाठी ठेवलाय, असं मला आधी वाटायचं.

आपण मात्र पत्राची मांडणी शिकलो ती उलट दिशेने आलेल्या लोकांकडून. मुंबईच्या कचेऱ्यांत एके काळी टाइपरायटरवर बसलेला माणूस बहुधा माटुंग्याचा आणि मूळचा मद्रासकडचा असे. तारीख उजवीकडे, संदर्भ डावीकडे, कड जवळ आल्याची घंटी वाजली की शब्द पुरा करून दांडा सरकवायचा. त्याचं पत्र मोजपट्टी लावून बघावं. पुढे त्याच्या नावाने आपण घोषणा दिल्या, पण पत्रं त्याच्याच पद्धतीने टाइप करत राहिलो.

यंदाच्या स्मरणिकेचं घोडं अडलं ते पानांच्या संख्येवर. छापखान्याचा फर्मा १६ पानांचा, म्हणून एकूण पानं ६४ हवीत. सगळं लावून झालं ती भरली ६१. खजिनदार काकांनी जाहिरातींसाठी सौकारपेठेत फेरी मारली. तिथे सोनं-चांदी गाळणारे विटा-खानापूरकडचे गलाईवाले आपलेच लोक, पण त्यांच्या जाहिराती आधीच येऊन गेल्या होत्या. तीन पानं कोरी सोडायला काका तयार नव्हते, कोऱ्या पानाचेही पैसे पडतात म्हणाले. शेवटी मी अध्यक्षांचं एका पानाचं मनोगत उचललं आणि सुप्रीम कोर्टाच्या नियमात बसवलं: अक्षर १४, अंतर दीड पट, दोन्ही बाजूंना ४ सेंटिमीटर. ए५ च्या पानावर मजकुराला जेमतेम सात सेंटिमीटरची पट्टी उरली आणि मनोगत बरोबर चार पानांचं झालं. अध्यक्षांनी प्रत उलटसुलट करून पाहिली आणि म्हणाले, "या वर्षी जरा सविस्तर लिहिलंय मी."