फाइल ठणठणीत आहे

एखादा पिक्चर कसा आहे, हे कोडेककाकांना विचारू नये. "उत्तम आहे. सव्वा जीबी, आवाजाचे सहा चॅनल. बिटरेट जरा कमी आहे, पण अंधारातले सीन फाटत नाहीत," असं उत्तर मिळतं. नायक कोण, गाणी कशी आहेत, शेवटी कोण मरतं, यातलं त्यांना काहीही ठाऊक नसतं. पिक्चर त्यांनी पाहिलेला असतो, हे खरं. पण पहिली दहा सेकंदं, मधली दहा आणि शेवटची दहा. खालच्या पट्टीवरचा ठिपका माउसनं ओढत ओढत त्यांनी जेवढे पिक्चर ‘तपासले’, तेवढे थिएटरच्या डोअरकीपरनंही पाहिले नसतील.

काका डोंबिवलीतल्या आमच्याच सोसायटीत राहतात, बी विंगमध्ये. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले. त्यांचं खरं नाव आता मेंटेनन्सच्या पावतीपुरतं उरलंय. गळ्यात दोरीचा चष्मा, कमरेला रेक्झिनचं पाकीट, पाकिटात तीन पेनड्राइव्ह. लाल रबर लावलेला ‘तपासणीचा’, हिरवा ‘दुरुस्तीचा’ आणि तिसरा, ज्याला रबर नाही, तो ‘लोकांचा’. लोकांच्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस असतो यावर काकांचा गाढ विश्वास आहे. त्यामुळे तो तिसरा ते नखानं धरतात.

"काका, व्हिडिओ चालत नाहीये," एवढ्या तक्रारीवर ते घरातून उठत नाहीत. आधी उलटतपासणी होते.

"चालत नाही म्हणजे काय? चित्र येतं, आवाज येत नाही? की आवाज येतो आणि पडदा काळा? की दोन्ही येतं, पण अडखळतं? हिरवं दिसतं का? मघाशी चालत होता आणि आत्ता बंद पडला, की पहिल्यापासूनच नाही? आणि मुख्य म्हणजे, दुसरी एखादी फाइल चालते का?"

हा शेवटचा प्रश्न ऐकला की समोरचा गप्प होतो. दुसरी फाइल लावून पाहायचं कुणाच्याच डोक्यात आलेलं नसतं. दुसरी चालली तर दोष फाइलचा, दुसरीही नाही चालली तर दोष कॉम्प्युटरचा, हे काकांचं पहिलं सूत्र. दुसरं सूत्र असं, की दोष फाइलचा कधीच नसतो. "फाइल ठणठणीत आहे," हे वाक्य ते फाइल बघायच्या आधीच म्हणतात. आश्चर्य म्हणजे दहातल्या आठ वेळा ते खरं निघतं.

त्यांचं तत्त्वज्ञान एका डब्यात मावतं. "एमपी४, एव्हीआय, एमकेव्ही हे सगळे नुसते डबे. आत चित्र वेगळं भरलेलं, आवाज वेगळा भरलेला, आणि दोन्ही दाबून दाबून भरलेले. कशा पद्धतीनं दाबलंय, ते कोडेक. तुमच्या प्लेअरला डबा उघडता येतो, पण आतलं खाता येत नाही, त्याला डबा काय करणार?" डी विंगमधल्या एका इंजिनिअर पोरानं एकदा टीव्हीवर एमकेव्ही चालेना म्हणून फाइलच्या नावापुढची अक्षरं खोडली आणि एमपी४ लिहिलं. ते कळल्यावर काका त्याच्या घरी जाऊन आले. "झाकणावर श्रीखंड लिहिलंस म्हणून आतलं पिठलं गोड होणार आहे का रे?" त्या पोराची कंपनी मोठी आहे, पगार मोठा आहे, पण तेव्हापासून लिफ्टमध्ये काका दिसले की तो जिन्यानं जातो.

त्यांचं काम प्रत्यक्ष पाहायचं असेल, तर पहिल्या मजल्यावरच्या आजींची गोष्ट सांगायला हवी. आजींच्या नातवाची मुंज न्यू जर्सीत झाली. गुडघ्यांमुळे आजींना जाता आलं नाही, म्हणून मुलानं फोनवर सगळा सोहळा टिपून पाठवला. लॅपटॉपवर लावला, तर मंत्र ऐकू येत होते आणि पडदा काळाकुट्ट. आजी दोन दिवस अंधारातच मुंज ऐकत होत्या.

काका आले. चहा नको म्हणाले, मग घेतला. फाइलवर उजवी टिचकी मारून त्यांनी तिची कुंडली काढली आणि चष्मा कपाळावर सरकवला. "वाटलंच. एचईव्हीसी. आयफोन २०१७ पासून हेच करतो, आजी. जागा कमी लागावी म्हणून जुन्याऐवजी या नव्या पद्धतीनं दाबतो. तुमच्या लॅपटॉपला जुनी एच.२६४ येते, ती २००३ सालची. ही नवी २०१३ सालची, ती त्याला शिकवलेलीच नाही. आवाज साध्या पद्धतीचा आहे, म्हणून तो येतोय. फाइल ठणठणीत आहे."

"अरे पण बटू दिसेल ना?" आजी म्हणाल्या.

हिरव्या रबराच्या पेनड्राइव्हमधून व्हीएलसी प्लेअर निघाला आणि बटू दिसला. पण असा दिसला, की हात वर करायचा आणि पाच सेकंद तसाच थिजायचा. मुंडावळ्या एकीकडे, कपाळ दुसरीकडे. चित्रण फोर के होतं आणि लॅपटॉपचा जीव तेवढा नव्हता. काकांचा चेहरा उजळला. साधं दुखणं त्यांना आवडत नाही. त्यांनी हँडब्रेक हा फाइल बदलणारा प्रोग्रॅम उघडला, चित्राचा आकार अर्ध्यावर आणला, पद्धत जुनी निवडली आणि बटण दाबलं. उरलेला वेळ आला नऊ तास. हळदीकुंकवाच्या जुन्या निमंत्रणाच्या पाठीवर त्यांनी ‘लॅपटॉप बंद करू नये, झाकण मिटू नये, वर टॉवेल टाकू नये’ असं लिहून ते पडद्याला चिकटवलं. रात्रभर लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता. आजींनी त्याच्यापाशी समई ठेवली नाही एवढंच.

सकाळी फाइल तयार झाली. आजी नऊवारी नेसून खुर्चीत बसल्या. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. मातृभोजन झालं, बटू भिक्षेला उभा राहिला, आजींनी पदर सावरला, आणि काकांनी ठिपका पकडून सर्रकन शेवटाला नेला. पडद्यावर पंगत उठत होती.

"अरे, मुंज झाली?"

"झाली. शेवटपर्यंत झाली, कुठेही अडकली नाही," असं म्हणून काकांनी खिडकी बंद केली आणि पेनड्राइव्ह काढून घेतला. फाइल नेमकी कुठे ठेवली, हे विचारायला आजींच्या इथल्या सुनेला जिन्यातून धावत जावं लागलं.

पण त्यांची निष्ठा दिसते ती मोडक्या फाइलपाशी. गणेशोत्सवात पोरांच्या नाचाचं शूटिंग चालू असताना एका वर्षी कॅमेऱ्याची बॅटरी संपली. फाइल तीन जीबीची, पण कुठल्याच प्लेअरमध्ये उघडेना. वीस आयांच्या डोळ्यांत पाणी. काकांनी हात वर करून शांतता मागितली आणि मांडवातच खुलासा केला. एमपी४ मध्ये कुठलं चित्र कुठे आहे, याची अनुक्रमणिका असते, आणि बरेचसे कॅमेरे ती सगळ्यात शेवटी, रेकॉर्डिंग थांबवल्यावर लिहितात. मध्येच वीज गेली की मजकूर सगळा शाबूत, पण अनुक्रमणिका नाही. प्लेअर पहिलं पानच उलटू शकत नाही. "पोरं आतच आहेत. फक्त त्यांचा पत्ता हरवलाय," काका म्हणाले. हे ऐकून एका आईला हुंदका आवरेना.

उपाय असा होता, की त्याच कॅमेऱ्यानं, तीच सेटिंग ठेवून केलेली एक धड फाइल हवी. तिच्या नमुन्यावरून मोडक्या फाइलची अनुक्रमणिका नव्यानं जुळवता येते. काकांनी कॅमेरा चार्ज केला आणि पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या एका पांढऱ्या गाडीचं दोन मिनिटं चित्रण केलं. गाडीच्या मालकानं सेक्रेटरीकडे तक्रार केली, कारण गाडी दुसऱ्याच्या जागेत होती आणि त्याला वाटलं पुरावा गोळा होतोय. दोन रात्री काका जागले. तिसऱ्या दिवशी मांडवात पडद्यावर पोरं नाचली. टाळ्या, शिट्ट्या, सगळं झालं. काका मात्र प्रोजेक्टरशेजारी उभं राहून एकटेच म्हणत होते, "बघा, वेळ बरोबर दाखवतोय. बावीस मिनिटं, चार सेकंदं. अनुक्रमणिका आली." त्या बावीस मिनिटांत त्यांची स्वतःची नात तिसऱ्या रांगेत होती, हे त्यांना घरी गेल्यावर कळलं.

किरकोळ केसेस ते उभ्या उभ्या निकालात काढतात. बत्तीस जीबीचा पेनड्राइव्ह रिकामा असून पिक्चर कॉपी होत नाही? "फॅट३२ आहे. चार जीबीच्या वरची एकही फाइल घेत नाही. एक्सफॅट करून घ्या, पण आधी आतलं काढून ठेवा, नाहीतर रडत याल." टीव्हीवर चित्र आहे आणि आवाज नाही? "आवाज डीटीएस पद्धतीनं दाबलेला असेल. टीव्हीला ती येत नसेल." लग्नाच्या व्हिडिओत वाजंत्री सुरू झाली तरी भटजींचे ओठ ‘सावधान’ म्हणतायत? "आवाज पुढे पळालाय. व्हीएलसीत के दाबा. एकदा दाबलं की पन्नास मिलिसेकंद मागे येतो. लग्न लागेपर्यंत दाबा."

त्यांचं सुवर्णयुग होतं व्हीसीडीचं. तेव्हा एक पिक्चर दोन किंवा तीन चकत्यांवर यायचा, आणि चकतीतल्या फोल्डरमधली डॅट फाइल कशी उचलायची, हे माहीत असणाऱ्याला गल्लीत मान होता. मग डिव्हएक्स, एक्सव्हिड आले, सातशे एमबीच्या एका सीडीत अख्खा पिक्चर बसू लागला, आणि रोज नवं कोडेक लागू लागलं. लोक ‘कोडेक पॅक’ टाकायचे. एकावर एक तीन पॅक टाकले की ते आपापसांत भांडायचे आणि मग आधी जे चालत होतं तेही बंद पडायचं. काही साइट ‘हा व्हिडिओ पाहायला हे कोडेक उतरवा’ म्हणून सरळ व्हायरसच गळ्यात मारायच्या. काका तेव्हा नोकरीत होते. ड्यूटीहून परस्पर लोकांच्या घरी जात आणि रात्री अकराला जेवत. त्यांचं नाव तेव्हा पडलं, आणि काकूंच्या कपाळावरची आठीही तेव्हाचीच.

व्हीएलसीचा विषय निघाला की काका बसतात. पॅरिसच्या कॉलेजातल्या पोरांनी १९९६ मध्ये सुरू केलेला प्रकल्प, २००१ पासून सगळ्या जगाला खुला, पैसा नाही, जाहिरात नाही, आणि लागणारी कोडेकं पोटातच घेऊन फिरणारा. त्याच्या नारिंगी शंकूवर त्यांची श्रद्धा आहे. पार्किंगमध्ये काकांच्या जागेवर तसाच शंकू उभा असतो. लोकांना वाटतं, जागा अडवण्यासाठी आहे. डिसेंबरात तो स्क्रीनवरचा शंकू नाताळची लाल टोपी घालतो, तेव्हा दर वर्षी एक तरी घाबरलेला फोन येतो: "काका, व्हायरस आला, शंकूनं काहीतरी घातलंय!" २०२२ मध्ये व्हीएलसीची वेबसाइट भारतात काही महिने बंद केली गेली, तेव्हा आधी उतरवलेले प्लेअर चालूच होते. पण काकांनी खबरदारी म्हणून तीन पेनड्राइव्ह भरून ठेवले आणि जो भेटेल त्याला अडवून "आहे का तुमच्याकडे?" असं हळूच विचारायला सुरुवात केली. नोव्हेंबरात साइट उघडली. काकांना आनंद झाला, पण थोडा हिरमोडही झाला.

आता लोक पिक्चर मोबाइलवर लावतात, बोटानं. फाइल कुणाकडे नसतेच, मग मोडणार काय? काही दिवस काकांच्या पाकिटाची चेन उघडलीच नव्हती. एका तरुणाचा व्हिडिओ अडखळतोय म्हणून ते उत्साहानं गेले, तर नेट स्लो होतं. "त्यात माझं काम नाही," म्हणून परत आले आणि जेवले नाहीत. पण देव दयाळू आहे. लग्नाचे फोटोग्राफर हार्ड डिस्कवर फोर के दहा-बिट चित्रण देऊ लागले, ते कुठल्याच जुन्या लॅपटॉपवर धड चालत नाही, आणि मोसम सुरू झाला की काकांना पुन्हा भूक लागते.

काकू या सगळ्याकडे कशा बघतात? काकूंचं म्हणणं एका वाक्याचं आहे: "यांनी जगातले सगळे पिक्चर पाहिलेत, दहा-दहा सेकंद." त्यांच्या स्वतःच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट आहे. ती काकांनी कॉम्प्युटरवर घेतली, एमपीईजी-२ मध्ये केली, मग एच.२६४ मध्ये केली, तीन डिस्कवर तीन प्रती ठेवल्या. पण लग्नाच्या वाढदिवसाला लावायची म्हटलं की काका थांबवतात. जुन्या कॅमेऱ्याचं चित्र दोन हप्त्यांत येतं, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. त्यामुळे कुणी हललं की कडांना कंगव्याचे दाते दिसतात. सासूबाईंच्या शालूला ते दाते येतात आणि ते काढल्याशिवाय लावायचं नाही, असा काकांचा हट्ट. दाते काढता काढता दर वर्षी रात्रीचे बारा वाजतात आणि लग्न अंतरपाटापर्यंतच पोचतं.

यंदा काकूंनी मुलीला सांगून त्यातली एक प्रत स्वतःच्या मोबाइलवर घेतली आणि दुपारी, काका ए विंगमध्ये कुणाचा तरी आवाज मागेपुढे करत असताना, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत पाहिली. पाठवणीसकट. संध्याकाळी काकांना सांगितलं.

"सगळी चालली? मोबाइलवर? न अडकता?"

"सगळी. तुम्ही दिसलात. सडपातळ होतात. केस काळेभोर होते."

काका हातातला चहाचा कप खाली ठेवून क्षणभर विचारात पडले आणि समाधानानं म्हणाले, "म्हणजे रंग बरोबर आलेत."