धड एलएसचं, शिर व्हीटेकचं

होंडाच्या ‘बी’ मालिकेतल्या 1.8 लिटरच्या साध्या ब्लॉकवर त्याच मालिकेतल्या व्हीटेक इंजिनाचं हेड चढवलं, की अमेरिकेतले हौशी लोक त्याला ‘एलएस-व्हीटेक’ म्हणतात. हायब्रिड इंजिन म्हणतात ते हेच. बॅटरीचा इथे संबंध स्टार्टर फिरवण्यापुरता. ब्लॉक येतो अ‍ॅक्युरा इंटेग्राच्या एलएस मॉडेलमधून, हेड येतं बी16 किंवा बी18सी इंजिनावरून, आणि पैसे येतात क्रेडिट कार्डावरून. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरची काही वर्षं हा जोड असंख्य सिव्हिकांच्या बॉनेटखाली बसला. तो किती टिकतो, हा वाद तेव्हापासून मिटलेला नाही.

असला उद्योग करण्यामागे तर्क होता, आणि तो अगदीच वेडगळ नव्हता. 1989 साली होंडाने जपानी इंटेग्रात बी16ए हे व्हीटेक इंजिन आणलं. 1.6 लिटरमधून 160 अश्वशक्ती, तीही टर्बोशिवाय. मात्र ही शक्ती हाती लागे मिनिटाला 7,600 फेऱ्यांवर; खालच्या फेऱ्यांवर गाडी सज्जनासारखी वागे. एलएसचं उलट. त्याचा स्ट्रोक 89 मिमी, बी16चा 77.4, त्यामुळे एलएसला खालच्या फेऱ्यांतही ओढ भरपूर, पण वर गेल्यावर हेडमधून हवाच पुरत नाही. म्हणजे एकाकडे फुप्फुसं, दुसऱ्याकडे पाय. दोन्ही गुण असलेलं बी18सी होंडाने स्वतःच जीएस-आर मॉडेलमध्ये दिलं होतं. पण ते महाग होतं, शिवाय ते चोरांनाही आवडे. एलएसचा ब्लॉक मात्र भंगार यार्डात स्वस्तात मिळे, कारण तो कोणालाच नको असे.

‘स्टॉक ब्लॉक’ म्हणजे कारखान्यातून आला तसा, आतलं काहीही न बदललेला. व्यवहारात त्याचा अर्थ ‘उघडून न पाहिलेला’ असा होतो. लाख-दीड लाख मैल धावलेलं यंत्र, आधीच्या मालकाने ऑइल कधी बदललं याची नोंद नाही, आणि विकणारा सांगतो, ‘एका आजीबाईंची गाडी होती.’ अमेरिकेतल्या आजीबाईंनी इतकी इंजिनं वापरली असतील, तर त्यांचा दिवस रस्त्यावरच जात असला पाहिजे.

जोडकामाला तशी मोठी अक्कल लागत नाही, पण दोन जागी कारखान्याने हात आखडता घेतलेला आहे. एक, हेड आणि ब्लॉक नेमके एकावर एक बसावेत म्हणून ज्या डॉवेल पिना असतात, त्यांचा व्यास दोन्हीकडे सारखा नाही. तिथे मशीनवाल्याकडून काम करून घ्यावं लागतं. दुसरी गोष्ट ऑइलची. ऑइलच्या दाबाने रॉकरमधल्या पिना सरकतात आणि तिन्ही रॉकर एकत्र बांधले जाऊन मधल्या उंच कॅमवर चालू लागतात, हे व्हीटेकचं मर्म. एलएसच्या ब्लॉकला या भानगडीची कल्पनाच नसल्याने त्यात तेवढा मार्ग ठेवलेला नाही. मग हेडमधल्या मूळ छिद्राला आटे पाडून बूच बसवायचं, ब्लॉकच्या मागच्या बाजूला ऑइलप्रेशरचा सेन्सर असतो तिथे टी-जोड लावायचा, आणि तिथून जाळीदार नळीने ऑइल वर न्यायचं. ही नळी म्हणजे या इंजिनाची जन्मखूण. कुणी ‘अस्सल जीएस-आर आहे’ म्हणून विकायला आणलं, तर जाणकार माणूस टॉर्च घेऊन आधी मागे डोकावतो.

इथवर सगळं निभावतं. हेड नीट बसलं, कॉम्प्युटर व्हीटेक ओळखणारा लावला, तर इंजिन पहिल्याच किल्लीत सुरू होतं, आणि तिथेच मालकाचा गैरसमज पक्का होतो.

खरी कसोटी कनेक्टिंग रॉडच्या बोल्टांची. एका रॉडला दोन बोल्ट, आणि ते एलएसच्या 6,800 फेऱ्यांच्या रेडलाइनसाठी, म्हणजे कमाल मर्यादेसाठी, घडवलेले. स्फोट होताना त्यांच्यावर ताण येत असेल असं वाटतं, पण स्फोट रॉडला खाली दाबतो. बोल्टांना त्यात फारसं काम नाही. त्यांची परीक्षा एक्झॉस्टच्या स्ट्रोकच्या शेवटी असते. पिस्टन सुसाट वर आलेला असतो, वरून दाबायला गॅस नसतो, आणि त्याला थांबवून परत खाली ओढायचं काम या दोन बोल्टांवर येतं. एलएसच्या मापांनी हिशेब केला, तर 6,800 फेऱ्यांवर तिथे गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 3,000 पट त्वरण भरतं, 8,000 फेऱ्यांवर सुमारे 4,200 पट. पिस्टन आणि त्याच्याबरोबर वरखाली होणारा ऐवज अर्धा किलोचा धरला, तरी बोल्टांच्या लेखी तो दोन टनांच्या वर जातो. सेकंदाला 66 वेळा. फेऱ्या जेमतेम 18 टक्क्यांनी वाढल्या, ताण 38 टक्क्यांनी. वर्गाचं गणित शाळेत ज्यांनी ऑप्शनला टाकलं, त्यांच्याकडून ते पुढे असं वसूल होतं.

दोष मात्र भलत्याच गोष्टीवर ढकलला जातो. रॉडची लांबी आणि स्ट्रोक यांचं गुणोत्तर एलएसमध्ये 1.54 आहे, म्हणून ते इंजिन टिकत नाही, असं ठामपणे सांगणारे पुष्कळ. बी18सीचं हेच गुणोत्तर 1.58 आहे, आणि त्याच जातीचं इंजिन असलेलं टाइप-आर मॉडेल कारखान्यातून 8,400 फेऱ्यांच्या रेडलाइनसह बाहेर पडलं. 0.04च्या फरकावर कुणाचं नशीब फिरत नसतं. फरक आहे तो बाकीच्या गोष्टींत. जीएस-आरच्या ब्लॉकमध्ये क्रँकच्या मधल्या बेअरिंग कॅपांना एकत्र बांधणारी चौकट आहे, पिस्टनच्या पोटावर ऑइल उडवणारे फवारे आहेत. एलएसमध्ये दोन्ही नाहीत. त्याला कोणी इतकं पळवील, असं होंडाला वाटलं नव्हतं.

तेव्हा या जोडाची विश्वासार्हता ब्लॉकपेक्षा फेऱ्यांना आवर घालणारा लिमिटर कुठे लावला यावर ठरते. 7,200च्या आसपास थांबणारा, मूळ रॉडवरचा, ऑइल वेळेवर मिळणारा एलएस-व्हीटेक वर्षानुवर्षं कामावर नेऊन आणतो. अडचण एवढीच, की व्हीटेक हेडची मजा 7,200च्या पलीकडे असते, आणि 7,200ला थांबायचं असतं तर हेड बदललंच कशाला, हा प्रश्न मालकाला सिग्नल हिरवा होताच पडतो.

ज्याला पलीकडे जायचंच आहे, त्याने चांगले बोल्ट घालावेत. पण नुसते बोल्ट बदलून भागत नाही. नवे बोल्ट ठोकून बसवले की रॉडच्या मोठ्या डोळ्याचा गोलपणा बिघडतो; तो मशीनवर पुन्हा गोल करून घ्यावा लागतो. बेअरिंगचं अंतर मेणाच्या पट्टीने मोजावं लागतं. बेअरिंगची टोपी घट्ट केली की पट्टी चपटी होते, किती रुंद झाली ते पाकिटावरच्या खुणांशी ताडायचं. पट्टी काही डॉलरला मिळते. ज्याने चाकांवर हजार डॉलर घातलेले असतात, त्याला नेमकी हीच महाग वाटते.

शिवाय लिमिटर सगळ्या पापांतून वाचवत नाही. तो फक्त पेट्रोल तोडतो. तिसऱ्यातून चौथा टाकताना घाईत दुसरा पडला, तर चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि टॅकोमीटरचा काटा जिथे जातो तिथे आकडे छापलेलेच नसतात. व्हॉल्व्ह वाकतात, कधी रॉड ब्लॉकला खिडकी पाडून बाहेर येतो.

एलएस-व्हीटेकचाच थोरला भाऊ बी20-व्हीटेक. त्याचा ब्लॉक सीआर-व्ही या कुटुंबवत्सल गाडीतला, बोअर 84 मिमीचा. इतर भावंडांत तो 81 असतो. हे तीन मिमी सिलिंडरच्या भिंतीतूनच आले असल्याने भिंत पातळ. त्याच्या बाबतीत बोल्टांआधी स्लीव्हला तडा जाण्याचीच चिंता. त्यावर टर्बो चढवणारे लोक वेगळ्याच कोटीतले.

निकालाच्या दिवशी बहुधा ब्लॉकच जातो. रॉड खालून बाहेर पडला आणि व्हॉल्व्ह शाबूत राहिले, तर महागाचं हेड साफ करून पुन्हा वापरता येतं. मग मालक ऑइलची नळी जपून काढून ठेवतो आणि भंगार यार्डाला फोन लावून विचारतो, एलएसचा ब्लॉक आहे का, आणि आधीची मालकीण कोण होती.