तेरावा महिना

काल रात्रीपर्यंत ठणठणीत असलेला सेट सकाळी दगड होतो, याला वॉरंटीबाहेरच्या स्मार्टफोनचा आकस्मिक बिघाड म्हणतात. नव्या फोनची वॉरंटी बहुधा बारा महिन्यांची असते, सोबतच्या चार्जरची अनेकदा सहाच. त्यामुळे हा विकार नेमका तेराव्या महिन्यात उद्भवतो, अशी लोकांची पक्की समजूत आहे. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हण फोनच्या आधीची आहे, हे पटवून द्यावे लागते. प्रत्यक्षात फोनच्या पोटात पंचांग नसते. यंत्रे बिघडण्याचा आलेख बाथटबच्या आकाराचा असतो : जन्मजात दोष असलेली सुरुवातीलाच जातात, मधला काळ शांततेत सरतो आणि झीज वाढली की रेषा पुन्हा वर चढते. गोंदिया जिल्ह्यात बाथटबपेक्षा बोड्या, म्हणजे छोटी तळी, जास्त, तेव्हा दोन्हीकडे पाळ आणि मध्ये सपाट, असा बोडीचा आकार डोळ्यांपुढे आणावा. तिसऱ्या महिन्यात फुकट दुरुस्त झालेला फोन कोणी लक्षात ठेवत नाही. तेराव्यात पैसे मोजून दुरुस्त केलेला मात्र लग्नाच्या पंगतीतही सांगितला जातो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे रुग्णाचा पूर्वेतिहास. रुग्ण मुका असल्याने तो मालक सांगतो, आणि शास्त्राची पहिली पंचाईत इथेच होते. गोंदियाच्या जयस्तंभ चौकापासून देवरी-सालेकसापर्यंत काउंटरवरचा जबाब एकच असतो : “काहीच नाही केलो जी, आपोआपच बंद पडला.” ‘आपोआप’ या शब्दात मोटारसायकलवरून पडणे, लेकराने चावणे आणि रोवणीच्या वेळी वरच्या खिशातून बांधीत जाणे, या तिन्ही गोष्टी मावतात. ‘थोडासा पडला’ म्हणजे सिमेंटवर. ‘थोडासा ओला झाला’ म्हणजे शोधायला चार माणसे लागली. कारागीर हे भाषांतर मनातल्या मनात करतो, कारण पुढची सगळी वाट त्यावर ठरते. पडलेल्या फोनचे कनेक्टर आणि डाख तपासावे लागतात, भिजलेल्याचा गंज आणि भलत्याच चार्जरवर रात्र काढलेल्याची चार्जिंग आयसी.

दुसरी पायरी बाह्य तपासणीची. इथे सर्वांत स्वस्त संशयिताला आधी धरायचे असते : केबल, मग चार्जर, मग भिंतीतले सॉकेट आणि शेवटी फोन. शेजाऱ्याची केबल लावून पाहणे ही सर्वांत भरवशाची चाचणी आहे. ती केबल परत करणे हा चाचणीचा भाग मानला जात नाही. केबल निर्दोष सुटली की चार्जिंगच्या तोंडात टॉर्चचा उजेड पाडून पाहावे. खिशातला सुताचा चुरा, खर्ऱ्याची भुकटी आणि राइस मिलमध्ये वावरणाऱ्याच्या बाबतीत कोंडा, हे सारे रोजच्या पिनेने तळाशी ठेचून बसवलेले असते. पिन आत जाते, पण खटका लागत नाही. फोन बंद करून लाकडी दातकोरणीने हा थर सावकाश उकरला, की घरच्यांनी आशा सोडलेले कितीतरी सेट उठून बसतात. सुई वापरू नये. आतल्या पट्ट्या एकमेकींना खेटून असतात आणि सुईला शेजाऱ्याशेजाऱ्यांत भांडण लावायला वेळ लागत नाही.

विशिष्ट कोनात धरल्यावरच चार्ज होणारा फोन हा या रोगाचा पुढचा टप्पा. तो कोन घरातल्या एकाच माणसाला ठाऊक असतो : खाली आगपेटी, वर तांब्या आणि मधून कोणी चालायचे नाही. जॅकचा डाख सुटल्याचे हे लक्षण. बहुतेक फोनांत हा जॅक मदरबोर्डावर नसून खालच्या छोट्या सब-बोर्डावर असतो आणि दोघांना जोडणारी एक पातळ स्ट्रिप असते. 1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा निघाला, तशीच ही व्यवस्था : कारभार निराळा, जाणे-येणे चालू. स्ट्रिप तुटली की दोन्ही बोर्ड आपापल्या जागी निर्दोष असतात आणि तरी चार्जिंग होत नाही. त्यामुळे मदरबोर्डावर ठपका ठेवण्याआधी स्ट्रिप बदलून पाहणे हे स्वस्तात पडते.

तिसरी पायरी बॅटरी. लिथियम-आयन बॅटरी 1991 मध्ये बाजारात आली आणि तिच्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅनली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. अनेक फोनांत सुमारे 500 पूर्ण चार्जनंतर तिची क्षमता मूळच्या 80 टक्क्यांवर येते. त्याहून फसवे लक्षण म्हणजे आतला रोध वाढणे. पडद्यावर 30 टक्के दिसत असतात आणि फ्लॅशचा फोटो काढताच फोन मिटतो. मालक सॉफ्टवेअरला दोष देतो. पण धुऱ्यावरचा मोटारपंप सुरू झाला की घरातला बल्ब कसा मिणमिणतो, हे त्याच मालकाला पुरते ठाऊक असते. इथेही तेच घडते : ओढ वाढते, व्होल्टेज खाली बसते आणि ठरलेल्या मर्यादेखाली गेले की फोन स्वतःला बंद करून घेतो. तो भित्रा नसतो, शिस्तीचा असतो.

बॅटरी फुगणे मात्र थट्टेवारी नेण्याजोगे नाही. आतल्या रसायनांच्या विघटनाने वायू साठतो, पाकीट पुरीसारखे टम्म होते आणि पडदा एका कडेने उचलला जातो. पूर्वी बॅटरी सुटी निघत असे, तेव्हा ती टेबलावर ठेवून भोवऱ्यासारखी फिरवत. सपाट बॅटरी जागच्या जागी थांबे, फुगलेली गरगरत राही. या चाचणीला कोणतेही उपकरण लागत नसे आणि प्रेक्षक भरपूर जमत. आता बॅटरी आत चिकटवलेली असते, म्हणून पडदा दाबून बसवण्याचा मोह होतो. तो आवरावा. फुगलेली बॅटरी दाबली किंवा टोचली तर पेट घेऊ शकते.

चौथी पायरी हवामानाची. अनेक कंपन्या फोन 0 ते 35 अंश तापमानात वापरावा असे सांगतात. मे महिन्यात गोंदियाचा पारा 45 च्या आसपास जातो. म्हणजे पुस्तकाप्रमाणे चालायचे तर नवतपात फोनने मामाच्या गावी जाऊन राहावे, आणि मामाचे गाव डोंगरावर असावे. गरम झालेला फोन वेग कमी करतो, चार्जिंग थांबवतो आणि अखेर सूचना देऊन बंद पडतो. हा बिघाड नसून तक्रार आहे. सावलीत ठेवल्यावर ती मागे घेतली जाते. खरा बिघाड पुढे होतो, जेव्हा कोणी मायेने फोन फ्रिजमध्ये ठेवतो. मग गार फोन उकाड्यात बाहेर येताच हवेतली वाफ त्यावर दवासारखी जमते, आतल्या बोर्डावरही. उन्हाळ्यात पाण्याने मेलेल्या फोनचे रहस्य अनेकदा भाजीच्या टोपलीशेजारी उलगडते.

पाचवी पायरी पाण्याची. सिमच्या फटीत किंवा आत कुठेतरी एक पांढरा ठिपका असतो. पाणी लागले की तो लाल किंवा गुलाबी होतो. हा ठिपका काउंटरवरचा एकमेव निःपक्षपाती साक्षीदार होय. तो लाल निघाला की मालकाला श्रावणातली एक संध्याकाळ आठवू लागते. जलरोधक असल्याच्या शिक्क्याचा इथे उपयोग नसतो. ती परीक्षा नव्या फोनची, स्वच्छ गोड्या पाण्यात, ठरलेल्या खोलीत आणि ठरलेल्या वेळेपुरती असते. प्रयोगशाळेतले पाणी आणि चिखलणी केलेल्या बांधीतले पाणी यांत बराच फरक आहे, शिवाय वर्षभरात फोनच्या कडेची चिकटपट्टीही सैल पडलेली असते. नुसत्या पाण्यापेक्षा पाणी आणि वीज यांची भेट घातक ठरते. त्या भेटीत धातू झिजतो आणि हिरवा-पांढरा गंज धरतो. म्हणून भिजलेला फोन ‘चालू होतो का’ हे पाहण्यासाठी चालू करू नये, चार्जिंगला तर मुळीच लावू नये. तो ताबडतोब उघडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुणे हा खरा उपचार.

तथापि या जिल्ह्यात आधी तांदळाचा उपचार होतो. धानाच्या जिल्ह्यात औषध घरचेच, आणि तेही पोत्याने. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शोधलेल्या वाणाला त्या वेळच्या लोकप्रिय घड्याळावरून एचएमटी हे नाव पडले. तांदळाने यंत्राचे नाव घेतले हे खरे, पण यंत्र बरे करण्याचा गुण त्याच्यात आला नाही. जानेवारी 2024 मध्ये अ‍ॅपलनेही फोन तांदळाच्या पिशवीत ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकते, असे बजावले. पावसाळ्यात डब्यातला तांदूळ स्वतःच सर्दावलेला असतो. त्याने दुसऱ्याचे पाणी शोषावे ही अपेक्षा जास्तच. विशेष म्हणजे खरेदी केंद्रावर धानाचा ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला तर माल परत येतो, हे प्रत्येक शेतकऱ्याला तोंडपाठ असते. धान दाताखाली दाबून ओलावा सांगणारा हाच गृहस्थ फोन नुसता कानाला लावून ‘सुकला’ म्हणतो.

सहावी पायरी पडद्याची. फोन वाजतो, थरथरतो, पण दिसत नाही, तेव्हा बोर्ड जिवंत असून दुकानाच्या भाषेत ‘फोल्डर’ गेलेला असतो. साध्या एलसीडी पडद्यावर टॉर्च तिरपा मारला असता पुसट चित्र दिसले, तर फक्त मागचा उजेड गेला असे समजावे. उभी रेष उमटली तर ती आशीर्वादाने जात नाही. भूतस्पर्श हा निराळा प्रकार : पडदा स्वतःच स्वतःला बोटे लावतो आणि रात्री साडेअकराला इवायाला, म्हणजे व्याह्याला, फोन लागतो. भगताकडे जाण्यापूर्वी चार्जर काढून पाहावा, ओली काच पुसावी आणि सेफ मोडमध्ये फोन सुरू करावा. तिथे भूत शांत झाले तर दोष एखाद्या अ‍ॅपचा. तरीही नाचत राहिले तर काचेचा. इवायाची समजूत घालणे या शास्त्राच्या कक्षेत येत नाही.

सातवी आणि शेवटची पायरी बोर्डाची. बॅटरी काढून फोनला पॉवर सप्लायमधून सुमारे 4 व्होल्ट देतात आणि अ‍ॅम्पिअरच्या आकड्याकडे टक लावतात. बटण दाबण्याआधीच आकडा चढला तर मुख्य लाइन शॉर्ट आहे. बटण दाबूनही हलला नाही तर बटण, जोडणी किंवा पॉवर आयसी यांच्यापैकी कोणीतरी कामावर आलेले नाही. आकडा चढून पुन्हा पुन्हा पडत असेल तर फोन उठायला बघतो आहे, पण उठवत नाही. शॉर्ट शोधण्याची एक देखणी रीत आहे. बोर्डावर राळेचा धूर देऊन पांढरा थर चढवतात आणि वीज सोडतात. दोषी भाग तापतो व त्याच्यावरची राळ सर्वांत आधी वितळते. गुन्हेगाराला घाम फुटतो तो असा. पडलेल्या फोनमध्ये आयसीखालचे डाखाचे मणी तडकतात. असा सेट पाठीत दाबल्यावर चालू होतो आणि सोडल्यावर बंद. शिसेविरहित डाख वितळायला सुमारे 217 अंश लागतात, त्यामुळे ते मणी नव्याने बसवण्याचे, म्हणजे रिबॉलिंगचे, काम नवतपावर सोपवता येत नाही.

निदानानंतर हिशेब. खर्च त्या फोनच्या आजच्या किमतीच्या निम्म्यावर गेला तर आतले फोटो वाचवून फोन सोडून द्यावा, असा साधा ठोकताळा आहे. मात्र त्याची बॅटरी कचऱ्याच्या गाडीत टाकू नये. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती ग्राहकाला मिळावी म्हणून केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 24 डिसेंबर 2022 रोजी ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केले. गोंदियात त्याहून जुना मार्ग म्हणजे सुमारे 130 किलोमीटरवरच्या नागपूरहून येणारी गाडी. “पार्ट उद्या येते जी,” या वाक्यात उद्याची तारीख नसते. भाग आला की तो ओरिजिनल, की ओरिजिनलसारखा, यावर चर्चा होते. फोल्डर चिकटवण्याआधी ग्राहकाकडून चारही कोपऱ्यांना बोट लावून घेतले जाते, त्याने मान डोलावली की गोंद लागतो. त्या क्षणी फोन पुन्हा एकदा वॉरंटीत येतो. या वॉरंटीची मुदत दुकानाची पायरी उतरेपर्यंत असते.