टेलच्या गावाला विंडोज अकरा

2025 साली मायक्रोसॉफ्टच्या सत्या नडेलांनी बारामतीच्या उसाचं जगापुढं कौतुक केलं. वरून उपग्रह ऊस बघतो आणि पाणी कधी द्यायचं ते कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते. ऊस पास झाला. त्याच वर्षी 14 ऑक्टोबरला त्याच कंपनीनं विंडोज दहाला मोफत अपडेट देणं थांबवलं आणि बारामती-इंदापुरात दुकानांच्या गल्ल्याशेजारी बसलेले जुने संगणक नापास झाले.

नापास कसले, ‘अपात्र’. कर्जमाफीच्या याद्यांमुळं हा शब्द आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. विंडोज अकरासाठी निकष असे: टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय पाहिजे, आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर सहसा आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा. 2017 साली घेतलेला सातव्या पिढीचा संगणक खताची बिलं काढतो, दुपारी पत्तेही खेळू देतो. पण पिढी कमी पडली. नीरा डावा कालवा 1885 च्या सुमाराचा. त्याला अजून कुणी पिढी विचारलेली नाही.

मग इंदापूरकडचा दुकानदार काय करतो? भाच्याला बोलावतो.

“मामा, नवा घ्या.”

“उसाचं बिल आल्यावर बघू.”

“मग फेरफार करावा लागंल.”

फेरफार म्हटल्यावर मामा सावरून बसतात. हा प्रांत त्यांचा. भाचा विंडोज अकराचा पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करतो, शिफ्ट आणि एफ10 दाबतो. काळी चौकट उघडते, तिच्यातून रजिस्ट्री. तिथं ‘लॅबकॉन्फिग’ नावाचं नवं खातं, त्यात ‘बायपासटीपीएमचेक’ अशी नोंद, पुढं आकडा 1. म्हणजे टीपीएम आहे का, हे विचारूच नको. प्रोसेसरसाठी तशीच दुसरी. ना अर्ज, ना नोटीस, ना हरकतीची मुदत. बांधाच्या नोंदीला आठ वर्षं घालवलेल्या मामांना गलबलून येतं.

असाच एक फेरफार खुद्द कंपनीनं 2021 मध्ये आपल्या मदतीच्या पानावर छापला होता, पुढं गुपचूप काढून टाकला. नियम आणि पळवाट एकाच कार्यालयात मिळते म्हटल्यावर कंपनी अगदीच परकी वाटत नाही.

अकरा बसतं. फक्त कंपनीनं आधीच बजावलंय, अपात्र यंत्राचा अपडेटवर हक्क नाही.

“महिन्याचं बहुतेक येतं,” भाचा सांगतो. “वर्षाचं मोठं आपणहून येत नाही.”

“म्हणजे कालव्याचं आवर्तन सुटतं, पण पाणी टेलला पोचत नाही.”

“तसंच.”

“मग?”

“मग मी परत पेनड्राइव्ह घेऊन येतो.”

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. रात्री कालव्यात टाकतात त्या पाइपाला संगणकवाले पेनड्राइव्ह म्हणतात तर!