विचारून ठेवलेलं बरं

सल्ला देणारे गावोगाव पैशाला पासरी मिळतात. मनापासून सल्ला मागणारा माणूस मात्र दुर्मीळ. आमच्या हिवरे बाजार गावात तसा एक आहे. त्याला सगळे भाऊ म्हणतात, त्याच्याहून थोरलेसुद्धा. विहिरीवर किती हॉर्सपॉवरची मोटर बसवावी, धाकट्याचं नाव काय ठेवावं, गाय विकावी की आणखी एक वेत बघावं, यातला एकही प्रश्न त्याने एकट्याने सोडवलेला नाही. ऐन तारुण्यात मिशी ठेवावी का, हे विचारत तो इतका फिरला, की तोवर ती आलीच.

या भाऊकडे एक पांढरी बोलेरो पिकअप आहे, 1.7 टनाची. कांद्याच्या दिवसांत ती नेप्तीच्या उपबाजारात जाते. एरवी चारा, सरकी पेंड, शेणखत, लग्नाची भांडी आणि लग्नाचं वऱ्हाड, जे समोर येईल ते वाहते. गाडीची कुरकुर नव्हती, भाऊचीही नव्हती. पण एकदा नेप्तीत कांदा घेऊन रांगेत उभा असताना शेजारी दुसरी पिकअप येऊन लागली. तिची चाकं मडगार्डच्या चांगली दोन बोटं बाहेर. गाडी अशी उभी, जणू फडात उतरलेल्या पैलवानाने पाय फाकून शड्डू ठोकलाय. दोन पोरांनी तिचे फोटो काढले. भाऊने आपल्या गाडीकडे पाहिलं. आजवर त्याला ती कधी बारीक वाटली नव्हती.

"काय केलंय रं चाकाला?"

"स्पेसर टाकलेत, भाऊ."

झालं. भाऊला पुढच्या हंगामाचं काम मिळालं.

स्पेसर म्हणजे हब आणि चाक यांच्या मधे बसवायची धातूची जाड चकती, बहुतेक ॲल्युमिनियमची. ती बसवली की चाक तेवढं बाहेर सरकतं. प्रत्येक बाजूला तीस मिलिमीटरची टाकली तर दोन्हीकडची मिळून चाकं सहा सेंटिमीटरने फाकतात. ज्यांनी कंपनीपेक्षा रुंद टायर घातले आणि ते आतून घासायला लागले, किंवा ज्यांनी मोठा ब्रेक बसवला आणि चाक त्याला अडायला लागलं, त्यांना ही चकती खरोखर लागते. भाऊचे टायर कंपनीचे, ब्रेक कंपनीचे. घासत काहीच नव्हतं. घासत होतं ते नेप्तीच्या रांगेतलं दृश्य.

भाऊने पहिला सल्ला पंक्चरवाल्याचा घेतला. तो म्हणाला, "टाका की." टायरच्या दुकानदाराने तर "टाकाच, आणि टाकताय तर टायरही रुंद घ्या" अशी दूरदृष्टी दाखवली. या दोघांचा भाऊवर इतका प्रभाव पडला, की त्यांना गाडीतलं किती कळतं, हे तो पुढे सगळ्यांना सांगत सुटला.

मग आला भाचा. तो नगरला कायद्याच्या कॉलेजात आहे आणि घरात कुणी विचारायच्या आत कलम सांगतो. "मामा, मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. कंपनीने ठरवून दिलंय त्यात मनाने फेरबदल करायचा नाही. 2019 मध्ये दुरुस्ती झाली. परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, नाहीतर बदलामागे पाच हजार दंड, नाहीतर दोन्ही."

भाऊ गंभीर झाला. भाच्याला वाटलं, मामा घाबरला. बऱ्याच वेळाने मामाने विचारलं, "बदलामागे पाच हजार म्हणतो. मग चार चाकं म्हणजे चार बदल धरायचे का एकच?"

"मामा, उद्या अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट त्या चकतीवर ठेवील. पासिंगला नेली तर तिथंही विचारतील."

"आपल्या गाडीचं पासिंग आत्ताच झालंय," भाऊ म्हणाला, आणि भाच्याची नोंद "हुशार आहे, पण अजून लहान आहे" या खात्यात झाली.

भाऊच्या मनात अशी दोनच खाती आहेत. "टाका" म्हणणारे ते जाणकार. "नको" म्हणणारे ते आपले लोक. प्रेमापोटी बोलतात, त्यांचं मनावर घ्यायचं नसतं.

या पद्धतीतून एकदा सरकारी पाहुणासुद्धा सुटला नाही. हिवरे बाजार बघायला बाहेरून माणसं सारखी येत असतात. बस थांबते, साहेब लोक उतरतात, बंधारे बघतात, डोंगरावरचे समतल चर बघतात, पाण्याचा ताळेबंद वहीत उतरवून घेतात. अशाच एका गटातले एक इंजिनिअर साहेब सावलीला म्हणून पिकअपशेजारी थांबले आणि भाऊने त्यांना गाठलं.

"साहेब, चाकाला स्पेसर टाकावेत का?"

"मी पाणलोटाचं काम बघतो हो."

"पण इंजिनिअरच ना?"

साहेब सज्जन होते. त्यांनी खाली वाकून चाक पाहिलं आणि म्हणाले, "बघा बुवा, तुमच्या सोयीने." भाऊने त्यांना जाणकारांत धरलं. त्या दिवसापासून सांगताना "मोठ्या इंजिनिअरनेसुद्धा नाही म्हटलं नाही" असं वाक्य येऊ लागलं. ते खोटंही नव्हतं.

खरा अडथळा निघाला गाडीचा मिस्त्री. हा माणूस बोलतो कमी आणि पाना चालवतो जास्त. त्याने भाऊच्या हातात ऑइलचा भरलेला डबा दिला. "छातीजवळ धरा." भाऊने धरला. "आता हात सरळ लांब करा." भाऊने केला. मिस्त्री पुढच्या चाकाचे नट सोडू लागला. सगळे आवळून परत वर बघेपर्यंत भाऊचा हात थरथरत होता आणि डबा गुडघ्यापर्यंत आला होता.

"डबा तोच आहे," मिस्त्री म्हणाला. "वजन वाढलेलं नाही. लांब गेलं, एवढंच. चाक बाहेर काढलं की तुमच्या बेअरिंगला रोज असं धरून उभं राहावं लागंल. वर दीड टन कांदा."

मग त्याने एका दमात बाकीचं सांगितलं. साधी चकती टाकली तर बोल्ट तेवढाच राहतो आणि नटाला धरायला आटे कमी उरतात. स्वतःचे बोल्ट असलेली चकती टाकली तर नटांच्या दोन रांगा होतात; आतली रांग ढिली झाली का, हे बघायला चाकच उतरवावं लागतं. बसवल्यावर थोडं अंतर चालवून पुन्हा पाना लावावाच लागतो आणि पुढेही अधूनमधून बघत राहावं लागतं. खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग हाताला जास्त झटके देतं. आणि चाक मडगार्डच्या बाहेर गेलं की पावसाळ्यात सगळा राडा दारावर आणि मागच्याच्या तोंडावर.

भाऊने आपला हुकमाचा पत्ता टाकला. "पण कडब्याचा उंच भारा असला तर गाडी रुंद झाल्यावर पक्की बसंल का नाही?"

"बसंल की, जराशी," मिस्त्री म्हणाला. "पण भारा दोन थर कमी रचा आन् वळणावर हळू घ्या, तर त्याहून पक्की बसंल. फुकटात."

मिस्त्रीने मजुरीचा एक पैसा न मागता स्वतःचंच काम घालवलं होतं. असा माणूस खरं बोलत असतो, हे भाऊला कळलं. म्हणूनच त्याची नोंद कुठल्याच खात्यात झाली नाही.

घरी वहिनींनी तीन प्रश्नांत विषय संपवला.

"अहो, गोण्या जास्त बसतील का?"

"गोण्यांचा त्याच्याशी संबंध नाही."

"मग टायर जास्त टिकतील?"

"तसंही नाही."

"मग होणार काय?"

"रुंद दिसंल."

"रुंद दिसायला घरात तुम्ही आहात की," वहिनी म्हणाल्या आणि धारा काढायला गेल्या.

भाऊला हसणं सोपं आहे. पण तो असा का झाला, हे कळायला गाव कळावं लागतं. इथला पाऊस वर्षाला जेमतेम चारशे मिलिमीटरच्या आसपास. एके काळी गाव दुष्काळाने खंगलं होतं, माणसं पोटासाठी मुंबई-पुण्याला गेली होती. भाऊचे वडील त्यांतलेच. नव्वदच्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले आणि पुढची सगळी उलथापालथ ग्रामसभेत ठरून झाली. झाडं तोडायची नाहीत, डोंगरावर मोकाट गुरं सोडायची नाहीत, दारू नाही, शेतीसाठी बोअर घ्यायचं नाही, ऊस-केळी यांसारखी पाणी पिणारी पिकं नकोत. दरवर्षी पडलेला पाऊस मोजायचा, त्यातून आधी माणसांचं आणि जनावरांचं पिण्याचं पाणी बाजूला काढायचं, मग शेतीला किती उरतं ते बघून पिकं ठरवायची. पाऊस कमी पडला तर कुणाला कितीही हौस असो, ते पीक त्या साली नाही. पाणी आलं तशी गेलेली माणसं परत आली, दूध वाढलं, घरं पक्की झाली. 2020 मध्ये पोपटरावांना पद्मश्री मिळाली, ती सगळ्या गावाने आपलीच मानली. भाऊची पिकअप याच पाण्यातून उगवलेली आहे.

अशा गावात वाढलेल्या पोराला विचारून करायची सवय लागली, तर नवल नाही. चार जणांत विषय मांडला की तो मार्गी लागतो, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून तो चाकाचा विषयही पारावर मांडतो, डेअरीत मांडतो, सप्त्याच्या पंगतीत वाढपी पुढे सरकेपर्यंत मांडतो. त्याची गाडी ही आता जवळजवळ सार्वजनिक मालमत्ता आहे. शाळेतली पोरंसुद्धा तिच्याकडे बघून "टाकले का?" म्हणून विचारतात.

एवढं होऊन स्पेसर अजून आले नाहीत. दिवाळीत काढलेला विषय अक्षय्य तृतीयेला तिथंच होता. कुणी म्हणेल भाऊ घाबरट आहे. मला तसं वाटत नाही. स्वतः ठरवलं की चुकलं तरी स्वतःचंच. गावाला विचारून ठेवलं की चुकीचे वाटेकरी तयार. चाक निखळलं तर पंक्चरवाला आहे, दंड झाला तर इंजिनिअर साहेब आहेत. आणि नाहीच टाकले, तर "टाकणार होतो, पण भाच्याने अडवलं" हे आहेच. भाऊने एक नट न सोडता सगळीकडून आपली बाजू आवळून घेतली आहे.

परवा हा विषय नानांपुढे आला. नानांनी पाणलोटाच्या कामात श्रमदानाच्या पाट्या उचललेल्या आहेत आणि ग्रामसभेने नको म्हटलं म्हणून एका साली तयार वाफ्यात कांदा न लावता ते गप्प बसलेले आहेत. त्यांनी भाऊचं सगळं शांतपणे ऐकलं. पंक्चरवाला, भाचा, साहेब, मिस्त्री, वहिनी, सगळ्यांची मतं भाऊने न गाळता सांगितली. तेवढा तो प्रामाणिक आहे.

"मिस्त्री नको म्हणला ना?" नानांनी विचारलं.

"म्हणला."

"घरात नको म्हणल्या?"

"म्हणल्या."

"मग संपलं की. आरं, आम्ही ग्रामसभेत नुसतं विचारत नव्हतो. विचारलं, ठरलं, की पाळायचो. गावाचं भलं विचारण्याने झालं नाही, पाळण्याने झालं."

भाऊ विचारात पडला. नानांचं बोलणं त्याला मनापासून पटलेलं दिसलं. त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली.

"पाळावंच म्हणता नाना? बघतो. चार जणांना विचारून सांगतो."